तालुक्याच्या गावात ठेव कुठे ठेवायची आणि पीककर्ज कुठून काढायचं?

माळावरचा

मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव आहे. एकाच रस्त्यावर जिल्हा मध्यवर्ती बँकेची शाखा, महाराष्ट्र ग्रामीण बँक, एक नागरी सहकारी बँक आणि दोन पतसंस्था. शेत आहे त्या गावात विकास सोसायटी, म्हणजे पीककर्ज देणारी गावची सहकारी संस्था. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

पहिली, आईवडिलांचे मिळून १८ लाख ठेवायचे आहेत. नागरी बँक मोठ्या बँकांपेक्षा जवळजवळ पाऊण टक्का जास्त देते, पतसंस्था दोन टक्के जास्त. किती, कुठे, कोणाच्या नावावर?

दुसरी, चार एकर सोयाबीन आणि त्यानंतर हरभरा. पीककर्ज सोसायटीतून काढावं की ग्रामीण बँकेचं किसान क्रेडिट कार्ड घ्यावं?

तिसरी, नागरी बँकेचे संचालक म्हणतात, "इथे ठेवलं की पैसा गावातच फिरतो." यात तथ्य किती?

"सगळं उचला आणि सरकारी बँकेत टाका" हे उत्तर माहीत आहे, ते सोडून बोला.

ताळेबंद

ठेवीचं आधी. तुमच्या रस्त्यावरच्या पाच दारांपैकी तीन दारं विम्याच्या छत्रीखाली आहेत: जिल्हा बँक, ग्रामीण बँक आणि नागरी बँक. ठेव विमा महामंडळ, म्हणजे डीआयसीजीसी, ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत हमी देतं. हप्ता बँक भरते, ठेवीदाराने काही करायचं नाही. पतसंस्था आणि विकास सोसायटी या छत्रीखाली नाहीत. नावात "बँक" नाही, कारण तो शब्द वापरायची त्यांना परवानगीच नाही. बोर्डावर "मल्टिस्टेट" लिहिलं आहे म्हणून विमा येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आता ५ लाख मोजायचे कसे, इथे बहुतेक जण चुकतात. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. बचत, मुदत, आवर्त अशी त्या नावाची सगळी खाती एकत्र धरतात आणि त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेतली ठेवही त्यातच मिळवतात. म्हणून गोल ५ लाखांची पावती करायची नाही. ७.५ टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने ४,५०,००० ठेवले तर वर्षाने ४,८४,७०० च्या आसपास होतात, ठीक. तीच ठेव दोन वर्षांची केली तर ५,२२,००० होतात आणि वरचे २२,००० उघड्यावर पडतात. दोन वर्षांच्या चक्रवाढ ठेवीला मुद्दल ४,३०,००० च्या वर नेऊ नका. त्याच बँकेत बचत खात्यात पन्नासेक हजार पडून असतील तर तेही वजा करा. किंवा व्याज दर तिमाहीला दुसऱ्या बँकेतल्या खात्यावर घ्या, म्हणजे साचतच नाही.

नावांची मांडणी: वडील एकटे, आई एकटी, वडील-आई संयुक्त, आणि आई-वडील संयुक्त म्हणजे पहिलं नाव आईचं. हे चारही विम्यासाठी वेगळे धरले जातात. वडील-आई याच क्रमाने तीन पावत्या केल्या तर मात्र तिन्ही मिळून एकच ५ लाख. हिशोबाने ४.३ च्या चार पावत्या, १७ लाख २० हजार, एकाच बँकेत झाकता येतात.

पण तसं करू नका. विमा म्हणजे पैसे बुडणार नाहीत एवढंच. पैसे हातात कधी येतील हा प्रश्न वेगळा. रिझर्व्ह बँकेने सर्वसमावेशक निर्देश लावले की त्या दिवसापासून काढण्यावर मर्यादा येते. पीएमसी या नागरी सहकारी बँकेच्या वेळी, सप्टेंबर २०१९ मध्ये, सुरुवातीची मर्यादा फक्त १,००० रुपये होती. ठेव विमा कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर सुधारणा झाली: निर्देश लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते. पहिल्या ४५ दिवसांत बँक ठेवीदारांची यादी देते, पुढच्या ४५ मध्ये पडताळणी आणि वाटप. विलीनीकरणाची बोलणी चालू असली तर आणखी ९० दिवस लांबू शकतं. म्हणजे तीन ते सहा महिने. दवाखान्याचा खर्च आला तर तेवढे दिवस थांबता येत नाही.

रक्कम अडकते ती बहुधा कागदावर. केवायसी दहा वर्षांपूर्वीची, पावतीवर नाव "सौ." लावून आणि आधारवर वेगळं, दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील दिलेला नाही, विम्याची रक्कम घेण्याच्या संमतीपत्रावर संयुक्त खातेदारांपैकी एकाचीच सही. पावती करतानाच नाव आधारप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळवून घ्या आणि नामनिर्देशनाची नोंद पावतीवर छापून घ्या. "सिस्टीममध्ये आहे" हे तोंडी उत्तर चालवून घेऊ नका.

माझी वाटणी अशी: नागरी बँकेत वडील आणि आई प्रत्येकी ४.३, ग्रामीण बँकेत दोघांचे मिळून साडेसहा-सात, उरलेले लागतील तेव्हा काढता येतील असे बचत किंवा छोट्या मुदतीत. पतसंस्थेचे दोन टक्के जास्त कशाबद्दल मिळतात, याचं उत्तर वर आलंच आहे.

पेठेतला

ताळेबंद, नागरी बँकेत टाकण्याआधी ती बँक तपासायची कशी तेही सांगा ना. सर्वसामान्य माणूस अहवाल उघडतो, पहिल्या पानावर चेअरमनचा फोटो, पाठीमागे गणपती, आणि मिटवून ठेवतो.

ताळेबंद

फोटो ओलांडून मागे जा. आकड्यांचं एक पान असतं, "आर्थिक स्थिती दर्शक तक्ता" किंवा तत्सम नावाचं. चार गोष्टी बघा.

निव्वळ अनुत्पादक कर्जाचं, म्हणजे थकलेल्या कर्जाचं (निव्वळ एनपीए) प्रमाण ३ टक्क्यांच्या आत हवं. भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीच्या कर्जांच्या तुलनेत बँकेचं स्वतःचं भांडवल: १०० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या छोट्या बँकेला किमान ९ टक्के, मोठ्या बँकांना १२. सुदृढ म्हणवून घ्यायचं तर किमानपेक्षा एक टक्का जास्त लागतो. मागच्या चार वर्षांत किमान तीन वर्षं नफा आणि सरलेल्या वर्षी तोटा नको. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जं ही ओळ शून्य किंवा फक्त स्वतःच्या नावावरच्या ठेवी, विमा पॉलिसी किंवा सरकारी रोख्यांच्या तारणावरची असली पाहिजे, एरवी त्यांना कर्ज देता येत नाही.

त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर बँकेचं नाव शोधा. दंड आणि निर्देश यांत गल्लत करू नका. केवायसीतल्या त्रुटीबद्दल दोन लाखांचा दंड ही बातमी दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या बँकेची असते, त्याने घाबरायचं कारण नाही. "निर्देश" शब्द दिसला तर थांबा. १ एप्रिल २०२५ पासून १०० कोटींवर ठेवी असलेल्या नागरी बँकांना तत्काळ सुधारात्मक कारवाईची चौकट लागू आहे, म्हणजे प्रकृती बिघडली की रिझर्व्ह बँक बंधनं घालते. निव्वळ एनपीए ६ टक्क्यांवर गेला किंवा दोन वर्षं लागोपाठ तोटा झाला की बँक त्यात जाते.

एवढं करूनही अहवालच खोटा असेल तर? पीएमसीने एका बांधकाम समूहाची कर्जं झाकायला २१,००० हून अधिक बनावट खाती उभी केली होती आणि अहवालात निव्वळ एनपीए अडीच टक्क्यांच्या आतच दिसत होता. म्हणून अहवाल कितीही गोड असला तरी ५ लाखांची रेघ ओलांडायची नाही. अहवाल वाईट बँक ओळखायला उपयोगी पडतो. चांगली बँक त्यावरून सिद्ध होत नाही.

गटसचिव

पीककर्जाचं मी सांगतो.

सोसायटीचं गणित सरळ आहे: पीकदर गुणिले क्षेत्र. पीकदर जिल्ह्याची तांत्रिक समिती दरवर्षी ठरवते आणि सोसायटीत तो कमाल मर्यादा पत्रकाला, म्हणजे कोणत्या सभासदाला किती कर्ज या यादीला, लागतो. समजा सोयाबीनचा हेक्टरी दर ६०,००० धरला (तुमच्या जिल्ह्याचा चालू दर शाखेत लावलेला असतो, तो बघा), चार एकर म्हणजे १.६ हेक्टर, कर्ज ९६,०००. त्यातून शेअर्स कपात, कर्जाच्या बहुधा ५ किंवा १० टक्के, तुमच्या भागखात्यात जमा होते. ५ टक्के धरले तरी पहिल्या वर्षी हातात ९१,२०० येतात. भाग पुरेसे झाले की पुढच्या वर्षी कपात थांबते. हा पैसा तुमचाच, पण सभासदत्व सोडेपर्यंत सहज निघत नाही.

किसान कार्डाचं सूत्र वेगळं. तेच ९६,०००, त्यावर काढणीनंतरच्या आणि घरखर्चासाठी १० टक्के म्हणजे ९,६००, अवजारं-दुरुस्तीसाठी २० टक्के म्हणजे १९,२००. झाले १,२४,८००, शिवाय विम्याचा हप्ता. यावर दरवर्षी १० टक्के वाढ धरून पाच वर्षांची मर्यादा एकदम मंजूर होते, पाचव्या वर्षी सुमारे १.८३ लाख. १ जानेवारी २०२५ पासून शेतीकर्जाला २ लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे तुमचं प्रकरण विनातारण बसतं. शाखेत गहाणखताचं बोलले तर हे दाखवा.

व्याज: सोसायटीत जिल्हा बँकेमार्फत ६ टक्के. ३ लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची ३ टक्के आणि पंजाबराव देशमुख योजनेतून राज्याची ३ टक्के सवलत, म्हणजे शून्य. खरिपाची मुदत ३१ मार्च, रब्बीची ३० जून. १ एप्रिलला भरलंत तर दोन्ही सवलती गेल्या, दंडव्याज वर. काही जिल्हा बँका आधी मुद्दल-व्याज दोन्ही भरून घेतात आणि सवलत मागाहून खात्यात टाकतात, काही फक्त मुद्दल घेतात. आधी विचारून ठेवा, नाहीतर ३१ मार्चच्या दुपारी पाच-सहा हजार कमी पडतात आणि रांगेतून परत यावं लागतं. राज्याचा हिस्सा उशिरा येतो, महिनोन्‌महिने.

सोसायटी निवडली तर सभासदत्वाचा अर्ज सचिवाकडे द्या आणि पोच घ्या. जमीन सोसायटीच्या कार्यक्षेत्रात हवी. सात-बारा, आठ-अ, आधार, शेतकरी ओळख क्रमांक, आणि इतर बँकांचे ना-देय दाखले. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. नाहीच दिला तर कायद्याने सभासद झाल्यासारखं मानतात, नाकारला तर सहायक निबंधकाकडे अपील. पोच का म्हणतोय ते कळलं असेल. निवडणूक जवळ आली की एका पॅनेलला नवे मतदार नको असतात आणि अर्ज "सापडत नाही".

कर्ज मिळालं की सात-बाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचा बोजा चढतो, सहकार कायद्याच्या कलम ४८ च्या इकरारावर (करारावर). फेडल्यावर तो आपोआप उतरत नाही. सोसायटीचं बेबाकी पत्र, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, फेरफार करून घ्यावा लागतो. हे राहून जातं आणि दहा वर्षांनी वाटणीच्या वेळी निघतं, तोवर सचिव दोनदा बदललेला असतो.

शिवारफेरी

गटसचिवांनी नवं-जुनं सांगितलं नाही, ते मुद्दाम का?

पाहुणे, ३१ मार्चला शून्य टक्के मिळवायला अर्धा तालुका हातउसनं करतो किंवा शेकडा तीन-चार रुपये महिन्याने उचलतो. जुनं भरायचं, आठ-पंधरा दिवसांत नवं मिळालं की उसनं फेडायचं. लाखावर पंधरा दिवसांचे दीड-दोन हजार जातात, पण सहा हजार वाचतात, म्हणून हे चालतं. जिल्हा बँक धडधाकट असेल तोवर. बँकेकडे रोकड नसेल तर जुनं भरून घेतात आणि नवं "वरून मंजुरी आली की" देतात. मंजुरी जुलैत येते, पेरणी जूनमध्ये झालेली, आणि सावकाराचं मीटर चालूच. मराठवाडा-विदर्भात हा धोका पश्चिम महाराष्ट्रापेक्षा जास्त. नागपूर, वर्धा, बुलढाणा या जिल्हा बँकांच्या परवान्याचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला आणि शेवटी शासनाला भांडवल घालावं लागलं, हे सगळ्यांना माहीत आहे.

तेव्हा प्रश्नकर्त्याने आधी एवढंच शोधावं: मागच्या वर्षी त्या शाखेने नवं वाटप कधी केलं, एप्रिलमध्ये की पावसाळ्यात? चार सभासदांची पासबुकं बघितली की कळतं.

ग्रामीण बँकेचं कार्ड या बाबतीत बरं. ते फिरतं खातं आहे. बियाण्याला ३० हजार काढले तर ३० हजारांवरच व्याज. वर्षाच्या आत एकदा मुद्दल-व्याज भरून खातं शून्यावर आणायचं, मग पुन्हा उचल. सोसायटीचं सगळं एकदम बचत खात्यात येतं आणि व्याजाचं घड्याळ पूर्ण रकमेवर सुरू होतं.

गटसचिव

मुद्दाम नाही, लांबलं म्हणून. तुमचं बरोबर आहे.

पण कार्डाचीही दुसरी बाजू आहे. ग्रामीण बँकेत पहिलं प्रकरण करायला शोध अहवाल (जमिनीची मालकी आणि बोजे तपासून वकील देतो तो), सिबिल, शाखेला नेमून दिलेल्या दत्तक गावांच्या यादीत तुमचं गाव आहे का, अशा चार फेऱ्या होतात. पीककर्जाला सिबिलची सक्ती करू नका असं शासन सांगत असतं, शाखा तरी बघतेच. आणि पंजाबराव योजनेचा प्रस्ताव बँकेने पाठवावा लागतो. सोसायटीत तो सरसकट जातो, बँकेत बऱ्याचदा मागे लागावं लागतं. एप्रिलमध्ये शाखाधिकाऱ्याला लेखी विचारा की माझं नाव यादीत घातलं का.

पीकविमा: कर्जदारांना तो आता ऐच्छिक आहे. नको असेल तर अंतिम तारखेच्या सात दिवस आधी शाखेत लेखी द्यायचं, नाहीतर हप्ता आपोआप कापला जातो. खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड. एक रुपयाचा विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला.

विदर्भएक्स्प्रेस

एक छोटी भर. १ मे २०२५ ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि जुनी महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. आता राज्यात एकच ग्रामीण बँक, मुख्यालय छत्रपती संभाजीनगर, प्रायोजक बँक ऑफ महाराष्ट्र. मालकी केंद्राची ५० टक्के, प्रायोजक बँकेची ३५, राज्याची १५. म्हणजे ही सहकारी नाही. संचालक गावच्या निवडणुकीतून येत नाहीत, कर्ज मंजुरीला राजकारण कमी, आणि तक्रार ऐकायला चेअरमनही चौकात भेटत नाही. आधीच्या विदर्भ-कोकणच्या शाखेत कोणाचं खातं असेल तर आयएफएससी, चेकबुक आणि हप्त्यांची स्वयंचलित वजावट तपासून घ्या. जुन्या कोडवर पाठवलेला पैसा परत येतो आणि तोवर तारीख उलटते.

पेठेतला

पतसंस्थेला सगळ्यांनी एका वाक्यात गुंडाळलं. ठेवीच्या बाबतीत ठीक आहे. पण बाजारपेठेत पतसंस्था नसेल तर भाजीवाला, गॅरेजवाला, वडापावची गाडी यांनी ५०,००० कुठून आणायचे? यांच्याकडे ताळेबंद नाही, विवरणपत्र नाही. पतसंस्थेकडे त्यांची पिग्मी असते. रोजचे १०० रुपये आठ महिने न चुकता भरतो हीच त्याची पत. दोन जामीनदार, दोन-तीन दिवसांत पैसे. १३-१४ टक्के लागतील, पण सावकाराचे शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६.

पिग्मीत काय बिघडतं ते लिहून ठेवा. एजंट शंभर घेतो आणि खात्यावर पन्नास चढवतो. पावती हातातल्या यंत्रातून निघाली पाहिजे, आणि मेसेज आला नाही तर त्याच दिवशी संस्थेत फोन. महिन्यातून एकदा कार्डावरची बेरीज आणि संस्थेच्या खातेवहीतली बेरीज जुळवायची, एजंटकडून नव्हे, काउंटरवरून. सहा महिन्यांच्या आत बंद केलं तर बहुतेक ठिकाणी व्याज नाही आणि वर कमिशन कापतात.

जामीन राहणाऱ्यांसाठी: "नुसती सही" नावाचं काही नसतं. कर्जदाराने थकवलं की संस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आणते आणि तो जामीनदारावरही चालतो. पगारदार सापडला तर आधी त्यालाच धरतात, कारण त्याच्याकडून वसूल करणं सोपं. सही करण्याआधी कर्जाची रक्कम, मुदत आणि दुसरा जामीनदार कोण हे करारावर भरलेलं असू द्या. कोऱ्या कागदावर सही मागितली तर उठून या.

ठेव ठेवायचीच हौस असेल तर बुडाली तरी चूल बंद पडणार नाही एवढी. बुडाल्यावर १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, एमपीआयडी म्हणतात तो. संचालकांच्या मालमत्ता जप्त होतात, लिलाव होतो. ठेवीदाराच्या हातात पडेपर्यंत वर्षं जातात.

ताळेबंद

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलं नाही, म्हणून थोडक्यात.

संचालक अर्धं खरं बोलतात. तुम्ही ठेवलेल्या १०० रुपयांतले सध्या ३ रोख राखीव म्हणून आणि १८ सरकारी रोख्यांत जातात. हे गावाबाहेर गेलेच. उरलेल्या ७९ मधून कर्ज. नागरी बँकेला एकूण कर्जाच्या ६० टक्के अग्रक्रम क्षेत्राला द्यावे लागतात, म्हणजे शेती, लघुउद्योग, घरं. ग्रामीण बँकेला ७५. शिवाय नागरी बँकेची निम्मी कर्जं छोट्या रकमेची असावी लागतात. त्यामुळे बऱ्याच अंशी पैसा जवळपास फिरतो, हे मान्य.

पण तो तुमच्या तालुक्यात फिरतो का, हे बँकेच्या विस्तारावर आहे. बँकेने पुण्यात चार शाखा काढल्या असतील तर ठेव तुमच्याकडून आणि कर्ज तिकडच्या फ्लॅटला. जिल्हा बँकांचा पैसा तर पिढ्यान्‌पिढ्या साखर कारखाने आणि सूतगिरण्यांकडे गेला. कारखाना चालला तोवर सगळं छान होतं, उसाच्या बिलातून सोसायटीची वसुलीही परस्पर व्हायची. कारखाना बंद पडला की कारखान्याचं कर्ज आणि शेतकऱ्याची वसुली, दोन्ही एकदम थांबायची. बऱ्याच जिल्हा बँका अशाच खचल्या.

तपासायचं असेल तर कर्ज-ठेव गुणोत्तर, सीडी रेशो, शाखानिहाय मागा. सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, सभासद असाल तर सूचना हातात पडल्यावर लेखी प्रश्न द्या: "आपल्या तालुक्यातल्या शाखांची ठेव किती, कर्ज किती?" तोंडी विचारलं तर टाळ्यांत वाहून जातं. जिल्ह्याचा आकडा राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या संकेतस्थळावर मिळतो. ग्रामीण-निमशहरी शाखांनी ६० टक्के गाठावेत अशी अपेक्षा आहे आणि जिल्हा ४० च्या खाली गेला तर अग्रणी बँकेला, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांचं काम जुळवायला नेमलेल्या बँकेला, खास उपसमिती नेमावी लागते. १९६९ ची ही अग्रणी बँक योजना निघाली ती धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटाच्या शिफारशीतून. सहकाराशी आपल्याकडचं नातं त्याहून जुनं. १८८९ मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली, तेव्हा सहकाराचा कायदाही नव्हता.

माळावरचा

सगळ्यांचे आभार. ठेवीचं ताळेबंदांनी सांगितलं तसंच करतो, नावांचा क्रम लिहून घेतला. सोसायटीचा अहवाल मिळवला आहे. त्यात "सभासद येणे कर्ज १ कोटी ६० लाख" आणि "जिल्हा बँक देणे कर्ज १ कोटी ९५ लाख" दिसतंय. हे ठीक आहे का? सचिव म्हणतात, सगळीकडे असंच असतं.

गटसचिव

याला अनिष्ट तफावत म्हणतात, आणि सगळीकडे असंच असतं हेही खरं, म्हणून ते ठीक होत नाही.

सोसायटी जिल्हा बँकेकडून घेते आणि तुम्हाला देते. सभासदांकडून येणं आणि बँकेला देणं, मूळ धंद्यात येणं नेहमी थोडं जास्त असायला हवं. तुमच्या सोसायटीने उद्या प्रत्येक सभासदाकडून शेवटचा रुपया वसूल केला तरी बँकेचे ३५ लाख फिटणार नाहीत. ते ३५ लाख जातात कुठे? सभासद भरतो, बँक ती रक्कम आधी थकीत व्याजाला घेते, मुद्दल तसंच राहतं. पगार, भाडं, स्टेशनरी व्याजातल्या फरकातून भागत नाही म्हणून वसुलीतून खर्च होतो. वसुली मार्चमध्ये घेतली आणि बँकेत मे महिन्यात भरली. आणि काही ठिकाणी सरळ अपहार. यातलं कोणतं ते लेखापरीक्षण अहवालाच्या दोषदुरुस्ती भागात लिहिलेलं असतं, तो मागा. लेखापरीक्षण वर्गही बघा, "क" किंवा "ड" असेल तर समजून घ्या.

तुमच्यावर परिणाम असा, की तुम्ही वेळेत भरलं तरी संस्थेची बँक पातळीवरची वसुली कमी पडते, आणि बँक त्या संस्थेला नवं वाटप करायला हात आखडता घेते. मग शिवारफेरींनी सांगितलेला जुलै उगवतो.

एक मधला मार्ग आहे. काही जिल्हा बँका तफावतीतल्या संस्थांच्या सभासदांना शाखेतून थेट कर्ज देतात. शाखेत विचारा, "थेट कर्जवाटप चालू आहे का?" असेल तर ६ टक्के आणि दोन्ही सवलती तशाच. नसेल तर ग्रामीण बँकेकडे आता मार्च संपायच्या आत अर्ज टाका, मेमध्ये गर्दी होते. एकाच सात-बाऱ्यावर दोन्हीकडे प्रकरण करू नका. ई-हक्क प्रणालीत बोजा ऑनलाइन जातो, दुसऱ्या बँकेला लगेच दिसतो.

शिवारफेरी

आणि अर्जाची पोच.

माळावरचा

घेतो. शाखेत विचारलं, थेट वाटप आहे, पण फक्त ज्यांचा सोसायटीत आधीपासून खातेउतारा आहे त्यांना. म्हणजे आमच्यासाठी ग्रामीण बँकच. शोध अहवालाला वकील किती घेतात तेवढं कोणी सांगा.

शिवारफेरी

विनातारण प्रकरणाला शोध अहवाल कशाला? २ लाखांच्या आत आहात. शाखेने मागितलाच तर "कोणत्या परिपत्रकानुसार" एवढं अर्जावरच लिहून मागा.